थेंब पडू द्या, सर

लातूरच्या माणसाने बोट विकत घ्यावी आणि वर तिच्यात संसार मांडावा, याला धाडस म्हणायचं की दुखणं, यावर विष्णुपुरीच्या काठावर दोन मतं होती. धाडस म्हणणारा एकटा नरसिंग होता, कारण बोट त्यानेच विकली होती. बाकी सगळा काठ, म्हणजे धरणाच्या पाण्यावर मोटारी बसवलेले शेतकरी, मासे धरणारे आणि चहाच्या टपरीवर कायमचे बसलेले लोक, दुखणं म्हणणाऱ्यांत होता. खुद्द शिवप्रसाद सरांचं मतही मनातून काठासारखंच होतं. पण मालकाला असलं मत परवडत नाही. म्हणून ते बोटीच्या टपावर खुर्ची टाकून, गोदावरीकडे तोंड करून, सुखी दिसायचा प्रयत्न करत बसत.

हा प्रयत्न चालू असताना, माणूस बुडू नये म्हणून घालतात ते नारिंगी जाकीट त्यांच्या अंगात असे. वर शाल. कुणी विचारलंच तर, "मणक्याचा पट्टा आहे, डॉक्टरांनी दिलाय," असं ते सांगत. मणक्याची ही काळजी ते झोपेतसुद्धा घेत.

सर लातूरच्या एका शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवायचे. पाण्यात वस्तू का तरंगते, हे त्यांनी पोरांच्या दोन पिढ्यांना इतक्या बहारीने शिकवलं होतं की त्यांच्या तोंडून ऐकल्यावर दगडालाही तरंगावंसं वाटावं. स्वतः मात्र ते गुडघ्याच्या वरच्या पाण्यात कधी उतरले नव्हते. लातुरात तशी सोयच नव्हती.

मग बोट कशाला घेतली? तर बायकोसाठी. दीपमालाबाईंचं माहेर थडी बोरगाव, धरणाच्या वरच्या अंगाला, अगदी गोदावरीच्या काठावर. असल्या नदीकाठच्या मुलीला लातूरला दिली आणि तिने सगळा जन्म नळाची वाट बघण्यात आणि पिंपं भरण्यात काढला, ही गोष्ट सरांच्या मनाला लागून राहिली होती. लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात तर बाईंनी डाळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळली आणि ते पाणी तुळशीला घातलं. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्यावरूनच सरांनी ओळखलं की हिला पाण्याची ओढ असणार. बायको गप्प आहे म्हणजे तिच्या मनातलं आपल्याला कळलं, असं समजणाऱ्या नवऱ्यांची संख्या महाराष्ट्रात बरीच आहे. सरांनी कुणाला न विचारता बोट घेतली आणि एका सकाळी बाईंना काठावर आणून दाखवली. बाई बघतच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपण जग जिंकलं, असं सरांना वाटलं.

परतीची वाट त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली होती. जून महिन्यात लातुरात शिकवणीच्या पोरापोरींचे लोंढे येतात आणि रिकामी खोली ठेवणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. सरांनी अख्खं घर मुलींच्या एका वसतिगृहाला वर्षभरासाठी देऊन टाकलं. सामान ट्रकमध्ये चढत असताना शेजारच्या उमाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, राहायला जाऊन राहिलात तर जा, पण पाण्याकडं पाय करून झोपू नका. अन् माझ्या बहिणीचा दीर पाण्याच्या टाक्या धुतो, त्याला एकदा विचारून घ्या. त्याला पाण्याची लई माहिती हाय." चहूबाजूंनी पाणी असलेल्या माणसाने पाय कुठे करावेत, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. सर पहिली रात्र बसूनच झोपले.

पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात वेगळीच अडचण निघाली. कारकुनाने विचारलं, "बोट कशासाठी? मासेमारी, वाहतूक का पर्यटन?"

"राहणे," सर म्हणाले.

कारकुनाने चष्मा काढला. "साहेब, पाण्यावर राहायला कलमच न्हाई. माणूस जमिनीवर राहतो असं शासनानं धरलेलं हाय. तुम्हीबी तसंच धरून चाला."

शेवटी चार फेऱ्यांनंतर परवानगी मिळाली ती मासेमारीची. ज्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नव्हतं, त्या घरातले शिवप्रसाद सर सरकारदरबारी मासे धरणारे झाले. रोज सकाळी शेजारचे मासेवाले होडी आडवी घालून विचारत, "काय घावलं, सर?" आणि सर खोल आवाजात म्हणत, "आज काही नाही." काही दिवसांनी त्या लोकांना सरांची दया यायला लागली. एकाने तर न मागता गळ आणून दिला.

पण हे सगळे झाले वरवरचे अपमान. खरी गोष्ट होती थेंबाची.

बोट देताना नरसिंगने सरांना इंजिनाच्या मागे नेऊन बसवलं होतं आणि हाताने दाखवून सांगितलं होतं, "हे बघा सर. पंख्याचा दांडा बोटीच्या पोटातून बाहेर पाण्यात जातो न, तिथं ही डोरी ठासून भरलेली हाय. हितून थेंब पडत राहतो. पडू द्यायचा. त्या थेंबानंच दांडा गार राहतो. हा वरचा नट आवळायचा न्हाई म्हणजे न्हाई."

सरांना ते चटकन समजलं. उलट घर्षणाने उष्णता कशी निर्माण होते ते त्यांनीच नरसिंगला समजावून सांगितलं आणि नरसिंगने ते सौदा मोडू नये म्हणून पूर्ण ऐकून घेतलं.

समजणं वेगळं आणि सोसणं वेगळं. संध्याकाळी काठ शांत झाला की तो आवाज सुरू होई. टप. थोडं थांबून, टप. लातूरचा माणूस सगळं सोसेल, टपकता नळ सोसणार नाही. रस्त्यात कुठे नळ गळताना दिसला तर तो अनोळखी माणसाचं दार वाजवून भांडण करून येतो. सरांनी आधी त्या थेंबाखाली वाटी ठेवली. मग पातेलं. पातेल्यातलं पाणी त्यांनी कुंडीला घातलं. मग कानात कापूस घातला, पण कापसातूनही तो आवाज येतच होता, किंवा येतोय असं वाटत होतं. त्यात आणखी एक भर होती. हा थेंब काही साध्या नळाचा नव्हता. अख्खी गोदावरी बाहेर दार ठोठावत होती आणि फटीतून आत यायचा प्रयत्न करत होती, असं सरांना अंथरुणात वाटे. शेवटी ते उठत, पाना घेत आणि नट थोडासा, अगदी थोडासा, आवळत. थेंब बंद होई. सर झोपत.

सकाळी इंजिन चालू केलं की कोरडा दांडा तापून लाल होई, डोरी जळे, धूर निघे आणि इंजिन गुदमरल्यासारखं होऊन बंद पडे. मग भागवतला फोन.

भागवत अर्धापूरचा. केळीच्या बागांमधली पाण्याची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा हात कुणी धरत नसे, कारण तो कुणाच्या हातीच लागत नसे. फोन केला की म्हणे, "निघालोच सर, रस्त्यातच हाय," आणि मागून स्पष्टपणे त्याच्या बायकोचा आवाज येई, "अजून एक भाकर वाढू का?" दोन दिवसांनी तो उगवे. इंजिनाभोवती एक चक्कर मारे. "ह्याला कोण आवळून राहिलं?" असं विचारी. सर म्हणत, "आपोआपच आवळलं जातं बहुतेक. कंपनांमुळे."

"कंपनांनी नट ढिला होतो, सर."

"पाण्यात उलटं असतं," असं भौतिकशास्त्राचे सर म्हणत, आणि भागवत मान डोलावे.

भागवतचेही स्वतःचे उपाय होते. पंपात हवा धरली की शेतकरी त्यात शेणकाला ओततात, शेण फटीत जाऊन बसतं आणि पाणी चढतं. तोच उपाय त्याने बोटीला केला. शेणाचा बोळा करून दांड्याभोवती लिंपला. इंजिन तापलं तेव्हा त्या शेणाची गोवरी झाली आणि पेटली. काठावरून लोकांना वाटलं, सरांनी होम घातलाय. इंजिनिअरिंग कॉलेजची काही पोरं फिरायला आली होती, त्यातली दोन सरांच्याच हाताखालून गेलेली. त्यांनी मोबाइल काढून सगळं टिपलं आणि "सर, बोट तरंगतीय की हो, तुम्ही शिकवलं तश्शी," असं ओरडून नमस्कार केला. सरांनी नमस्कार घेतला. खोकत घेतला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. बोट बंद पडली की सर काठावर येऊन भागवतला, नरसिंगला, इंजिनाला, सरकारला वाट्टेल ते बोलत. पण आत, अगदी आत, त्यांना हायसं वाटे. बंद पडलेली बोट बाभळीला बांधलेली असते. बांधलेली बोट बुडली तरी काठाजवळ बुडते. हे त्यांनी दीपमालाबाईंना कधी कळू दिलं नाही. त्यांच्या दृष्टीने बाई सुखात होत्या. कुरकुर नाही, तक्रार नाही. फक्त तेलाचे रिकामे डबे त्या घट्ट झाकणं लावून अंथरुणाच्या दोन्ही बाजूंना रचून ठेवत. इतकी वर्षं लातुरात काढल्यावर बाई पाण्यात राहूनही पाणी साठवायची तयारी करते, याचं सरांना कौतुक वाटे.

थडी बोरगावहून सासऱ्यांचा, शेषेरावांचा, फोन येई. "कसं काय जावईबापू? जमतंय का पाण्यावर?"

"झकास," सर म्हणत. "हिला तर इथून हलावंसंच वाटत नाही. फक्त इंजिन तेवढं त्रास देतंय."

मग फोन बाईंकडे जाई. "हाव आण्णा, लई छान हाय. हवा हाय, पाणी हाय. इंजिन तेवढं दगा देऊन राहिलंय, बाकी काय न्हाई." दोघांचंही हे वाक्य दर वेळी तेच असे. शेषेराव फोनवर नुसतं "हं" म्हणत.

त्या वर्षी श्रावण अधिक आला. अधिक महिन्यात आमच्याकडे जावयाला धोंड्याला बोलावतात. पुरण भरलेले धोंडे, तेहतीस अनारसे, दिवा, वाण. तेवढ्या महिन्यापुरता जावई म्हणजे साक्षात विष्णू. उरलेल्या काळात त्याला काय समजायचं हे ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून असतं. शेषेरावांनी फोनवर आज्ञाच केली, "जावईबापू, यंदा गाडीनं यायचं न्हाई. बोटीनं या. समद्या गावाला काठावर उभं करतो. थडी बोरगावच्या इतिहासात जावई पाण्यातून आलेला न्हाई."

सरांना 'जमणार नाही' म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "अवश्य."

आणि मग अडचणींनी सरांना मनापासून साथ दिली. पहिल्यांदा निघाले तेव्हा पंख्यात ठिबकची तुटकी नळी अशी गुंडाळली की बोट जागच्या जागी फिरली आणि ज्यांची नळी होती त्या नागुबाईंनी काठावरून पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचतील अशा शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा डिझेलमध्ये पावसाचं पाणी निघालं. तिसऱ्यांदा इंजिनाला फिरवायचं हँडल सरांच्या हातून सुटून गोदार्पण झालं. ते सुटलं की सोडलं, हे सरांनाच माहीत. दर वेळी फोन, दर वेळी "इंजिन तेवढं". बघता बघता अमावस्या येऊन ठेपली, अधिक महिन्याचा शेवटचा दिवस. आता टाळलं तर विष्णूची तीन वर्षांनी पाळी.

आदल्या दिवसापासून वर पाऊस होता. नदी गढूळ होऊन फुगली होती आणि पाण्यावरून काटक्या, केळीचे खांब, कुणाची तरी चप्पल असं सगळं घाईघाईने धरणाकडे चाललं होतं. नेमकं त्या सकाळी, भागवतने आणून दिलेल्या नव्या हँडलच्या पहिल्या झटक्याला इंजिन सुरू झालं. सरांनी आशेने वाट बघितली. बंद पडेना. दीपमालाबाईंनी दोर सोडला. त्यांचा चेहरा अगदी शांत होता. हिच्या रक्तातच नदी आहे, असं मनात म्हणून सर सुकाणूपाशी बसले आणि बोट उलट्या पाण्यात निघाली.

काठ लांब गेला. तेव्हा सरांना पहिल्यांदा कळलं की एवढे दिवस आपल्याला वाटत होती ती भीती नव्हतीच, नुसती तयारी होती. भीती ही. पायाखाली दोन बोटं जाडीची फळी, आणि फळीखाली काय ते कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्या तळहाताला घाम सुटला. सुकाणू घसरायला लागलं. त्यात इंजिनाच्या हादऱ्याने मागचा थेंब वाढला. टप टप टप टप. मग नुसतीच धार. पाणी फळीवर आलं, चपलेपर्यंत आलं.

पडू द्यायचा, सरांनी स्वतःला सांगितलं. दांडा गार राहतो. पडू द्यायचा.

"सुकाणू धर जरा," ते बाईंना म्हणाले, मागे गेले आणि त्यांनी पाना उचलला.

पाव फेरा. मग आणखी पाव. धार थांबली. सरांनी श्वास सोडला, तोच धुराचा वास आला, इंजिन एकदा किंचाळलं आणि गप्प झालं.

इतकी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. बोट क्षणभर थबकली, हळूच वळली आणि काटक्या, खांब, चप्पल ज्या दिशेने चालली होती त्या दिशेने चालू लागली.

"नांगर!" सर ओरडले. नांगर म्हणजे सिमेंट भरलेला एक डबा होता. सरांनी सगळं बळ एकवटून तो नदीत फेकला. दोराचं दुसरं टोक बोटीला बांधायचं राहिलं होतं. दोर सळसळत डब्यामागे गेला आणि दिसेनासा झाला. त्याच वेळी खालच्या अंगाला, धरणावर, भोंगा वाजला. लांब, खर्जातला, पोटात उतरणारा भोंगा. दरवाजे उघडणार होते.

दीपमालाबाईंनी थडी बोरगावला भावाला फोन लावला, "व्यंकटी, बोट वाहून राहिली रे, ट्रॅक्टर घेऊन काठानं खाली ये," एवढं एका दमात सांगितलं आणि डबे उचलून कवटाळून बसल्या. सरांना ते बघवेना. त्यांनी विचारलं.

"तुला भीती वाटत नाही का गं?"

"वाटून राहिली की," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून वाटून राहिली."

"अगं, पण तू नदीकाठची!"

"म्हणून तर! तुम्ही पाणी फळ्यावर बघितलंय. मी उंबऱ्यावर बघितलंय. पूर आला की माय आम्हाला घेऊन माळावर बसायची. आमची गाय दावणीसकट वाहून गेली, मी डोळ्यानं बघितली. मला पोहायलाबी येत न्हाई. लातूरला दिली तवा मी देवापुढं साखर ठेवली होती, तिथं पाणी न्हाई म्हणून."

"मग बोट दाखवली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं ते?"

"भीतीनं आलं. दुसरं कशानं येईल?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही जन्मात पहिल्यांदा हौसेनं काही घेतलं. कसं बोलू?"

"मी माझ्यासाठी नाही घेतली! तुझ्यासाठी घेतली! मला स्वतःला इथे रोज..." सरांनी शालीखालच्या जाकिटावर हात ठेवला. "हा मणक्याचा पट्टा नाहीये, दीपा."

"मालूम हाय. मणक्याच्या पट्ट्याला शिट्टी नसती." बाईंनी डोळे पुसले. "अन् हे डबेबी पाण्याचे न्हाईत. लहानपणी पोरं पाठीला बांधून पोहायची, म्हणून जमवले. तुमच्यासाठी दोन, माझ्यासाठी दोन."

भोंगा पुन्हा वाजला. धरणाची भिंत आता नुसती रेघ राहिली नव्हती. तिचे दरवाजे मोजता येत होते. सरांनी ते मोजले नाहीत. त्यांना एकदम असं वाटलं की आपण बुडलो तर एक वेळ चालेल, पण ही पाण्यात दिसेनाशी झाली तर आपल्याच्याने बघवणार नाही. इतकी वर्षं संसार करून हे असं स्पष्ट त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी शाल फेकली, जाकीट काढलं आणि बाईंच्या गळ्यात घालायला लागले.

"हे काय करून राहिलात? तुम्ही घाला!"

"तू घाल!"

"मला डबे हायत!"

"डबे मला दे, तू हे घाल!"

बुडायला निघालेल्या बोटीवर कुणी कमी बुडायचं यावरून दोघं असं कडकडून भांडत असताना बोटीला जोराचा धक्का बसला आणि दोघंही एकमेकांवर, म्हणजे डब्यांवर, आदळली. काठाजवळ कुणा शेतकऱ्याने पिंपांच्या तराफ्यावर पाण्याची मोटार बसवली होती. बोट तिच्या वायरी, पाइप आणि दोरांत जाऊन सज्जड अडकली होती. वायरीत त्या वेळी वीज नव्हती. लोडशेडिंगबद्दल सरांनी मनापासून हात जोडले, असा हा पहिलाच प्रसंग.

व्यंकटी येईपर्यंत दोघं तराफ्याला धरून बसली होती. तेवढ्यात त्यांनी सगळं ठरवूनही टाकलं. धोंडे उरकले की सासऱ्यांना स्वच्छ सांगायचं. बोट नरसिंगला, मासेवाल्यांना, कुणालाही देऊन टाकायची. पत्र्याच्या खोलीत राहू, पण जमिनीवर राहू. सरांना इतकं हलकं वाटत होतं की बाईंनी त्यांच्याच अंगात परत चढवलेलं जाकीट त्यांनी काढून बाजूला ठेवलं. मग आपण अजून पाण्यावर आहोत हे लक्षात येऊन परत घातलं.

व्यंकटीने बोट ट्रॅक्टरने ओढून तिथल्याच एका बाभळीला बांधली आणि दोघांना ट्रॉलीत बसवून थडी बोरगावला नेलं. सगळं गाव खरोखरच नदीकडे तोंड करून उभं होतं. पाण्यातून येणारा जावई पाठीमागून, चिखलाने माखून, खताच्या रिकाम्या पोत्यांवर बसून आला. लोकांनी तोंडं फिरवून हलगी वाजवली.

दुपारी सासूबाईंनी, केवळाबाईंनी, जावयाचे पाय धुतले, कुंकू लावलं, तेहतीस अनारसे पुढे ठेवले. सर धोंडे खाता खाता बाईंकडे बघून भुवई उडवत होते, आता सांगू का म्हणून. बाई डोळ्यांनीच म्हणत होत्या, वाण होऊ द्या.

शेषेराव उठले. काठी टेकत सरांना अंगणात घेऊन गेले. तिथे गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं होतं. शेजारी, हातपाय धुऊन, स्वच्छ शर्ट घालून भागवत उभा होता. तो आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर आला होता आणि ते बघूनच सरांना धोका कळला.

शेषेरावांनी गोणपाट ओढलं. खाली एक कोरं करकरीत इंजिन होतं. त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली होती आणि झेंडूचा हार घातला होता.

"पोरगी दर बारीला म्हणून राहिली, बाकी समदं छान हाय, इंजिन तेवढं," म्हातारा म्हणाला. "तुम्हीबी तेच म्हणून राहिले. म्हटलं, लेकराच्या सुखात एवढीच एक खोट हाय, तर ती काढून टाकू. ह्याला हँडल न्हाई, बटण हाय. अन् भागवत म्हणतो, ह्याचा दांडाबी नव्या तऱ्हेचा हाय. ह्याला थेंबच पडत न्हाई."

अधिकाचं वाण परत करता येत नाही. विष्णूने दान नाकारल्याचं कुठल्याही पोथीत नाही. दीपमालाबाई पदराआड हुंदके देऊ लागल्या. जमलेल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, बघा, किती आनंद झालाय पोरीला.

"आण्णा," सर म्हणाले, "कशाला एवढा त्रास घेतलात?" जन्मभर त्यांनी हे वाक्य शिष्टाचार म्हणून वापरलं होतं. आज ते शब्दन् शब्द मनापासून होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. धरणाचे दरवाजे बंद झाले, ऊन पडलं, आणि इंजिन बसवायला सगळं गाव बोटीपाशी गेलं. भागवतने एकही नट हरवला नाही. पाऊस आला नाही. डिझेल स्वच्छ होतं. पंख्यात नळी नव्हती, चिंधी नव्हती, काही नव्हतं. सरांनी वाकून दांड्यापाशी कान लावला. आतून काहीसुद्धा टपकत नव्हतं. शेषेरावांनी नारळ फोडला आणि बटण दाबलं. इंजिन त्याच क्षणी सुरू झालं आणि एका सुरात चालू राहिलं.

गावाने टाळ्या वाजवल्या. शेषेराव म्हणाले, "आता फिकर न्हाई. आता कुठंबी जा, कितीबी लांब जा."

सर सुकाणूपाशी उभे होते. बाई त्यांच्या शेजारी, दोन्ही काखेत एकेक डबा घेऊन. बोटीत आता नाव ठेवायला कसलाही बिघाड राहिला नव्हता. बाभळीपाशी व्यंकटी दोराच्या गाठीवर हात ठेवून हसत उभा होता.

"सोडू का, दाजी?"

सरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी काठावर काठी टेकून उभ्या असलेल्या आपल्या म्हाताऱ्या बापाकडे बघितलं.

"सोड," दोघं एकदमच म्हणाली, आणि एकमेकांचा हात घट्ट धरून मटकन खाली बसली.